सनस्क्रीन लावूनही बर्फातून नाक सोलून येतंय? आधी गॉगलवरची वाफ थांबवा

डिसेंबर-जानेवारीत केदारकंठा (उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक) करून आलेली मंडळी पुण्यात लांबूनच ओळखू येतात. नाकाचा शेंडा काळवंडून सोललेला, खालचा ओठ फुटलेला, गाल रापलेले. माझा भाचा सलग दोन वर्षं असाच परत आला. दुसऱ्या वर्षी त्याला आणायला पुणे स्टेशनवर गेले होते, तर भेटल्या भेटल्या त्याने आधी हेच सांगितलं, "आत्या, या वेळी मी खरंच लावत होतो गं सनस्क्रीन!" घरी सॅक रिकामी करताना ट्यूब निघाली. सात दिवसांत ती जेमतेम पाव संपली होती.

तो खोटं बोलत नव्हता. लावत होता, फक्त लागायला हवी तेव्हा लावत नव्हता. कारण शोधायला आम्ही दोघं चहा घेऊन बसलो आणि समिटचा, म्हणजे माथा गाठण्याचा, दिवस तासातासाने उलगडला. तेव्हा कळलं की दोष सनस्क्रीनच्या आधी कुठेतरी आहे. मी स्वतः बरीच वर्षं हिवाळ्यात बर्फात जाते आणि पहिली काही वर्षं माझंही असंच व्हायचं, त्यामुळे त्याची प्रत्येक पायरी मला ओळखीची वाटत होती.

दिवस असा जातो. शेवटच्या कॅम्पवरून रात्री दोन-तीनला निघायचं. अंधार असतो, त्यामुळे सनस्क्रीनचा विचारही डोक्यात येत नाही. थंडी उणे दहाच्या आसपास, म्हणून बफ (गळ्यात घालायची कापडी नळी) नाकावर ओढलेला. तासाभरात श्वासाने बफ ओला होतो, मग कडक होतो. उजाडायला लागलं की गॉगल काढून घालायचा आणि दहाव्या पावलाला त्यावर वाफ धरते. समोरचं काही दिसत नाही, पायाखाली बर्फ, एका बाजूला उतार. मग माणूस काय करतो? गॉगल कपाळावर सरकवतो, नाहीतर बफ हनुवटीखाली ओढतो. बहुतेक जण दोन्ही करतात. वर पोचल्यावर फोटो, मिठ्या, घरी फोन लागतोय का बघणं. आणि मग सकाळी आठपासून दुपारी बारा-एकपर्यंत लखलखीत उन्हात, पांढऱ्याशुभ्र उतारावरून उघड्या तोंडाने खाली येणं. सनस्क्रीन सॅकच्या तळाशी, थिजून घट्ट झालेली. हातात दोन-दोन मोजे. कोण काढणार?

चेहरा जळतो तो याच चार-पाच तासांत. सुरुवात होते ती वाफेपासून. वाफ थांबली की गॉगल आणि बफ दोन्ही जागेवर राहतात, आणि सनस्क्रीनला फक्त उरलेला भाग सांभाळायचा असतो. म्हणून मी दरवर्षी सगळ्यांना सांगते, महागडी ट्यूब घेण्याआधी वाफेचा बंदोबस्त करा.

वाफ येते कुठून

आपल्या उच्छ्वासाच्या एका घनमीटर हवेत साधारण ३५ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असतं. उणे दहा अंशांच्या हवेत अडीच ग्रॅमही मावत नाही. उरलेलं सगळं पाणी पहिल्या गार पृष्ठभागावर जाऊन बसतं. बफ नाकावर ओढला की तोंडातून सरळ पुढे जाणारा श्वास अडतो आणि सगळ्यात सोप्या फटीतून बाहेर पडतो. ती फट असते नाकाच्या दांड्याच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या आतल्या कोपऱ्यापाशी. म्हणजे थेट काचेच्या खाली. करोनात मास्कमुळे चष्म्यावर वाफ यायची, तेच हे.

आपली फट नेमकी कुठे आहे हे पुण्यात, स्वयंपाकघरात उभं राहून कळतं. स्टीलची एक छोटी वाटी फ्रीजमध्ये, खालच्या कप्प्यात, पंधरा मिनिटं ठेवा. बफ तुम्ही ट्रेकला घालता तसाच नाकावर घ्या. वाटी पालथी धरून तिचा बाहेरचा गुळगुळीत भाग नाकाच्या दांड्यापाशी, चेहऱ्यापासून बोटभर अंतरावर आणा आणि नेहमीसारखा श्वास सोडा. जिथून हवा निसटते तिथे वाटीवर धुरकट ठिपका उमटतो. वाटी हळूहळू डाव्या गालाकडे, मग उजव्या गालाकडे न्या. भाच्याच्या बाबतीत डावीकडे बारीक ठिपका आला आणि उजवीकडे रुपयाच्या नाण्याएवढा, कारण त्याचं नाक किंचित एका बाजूला आहे. माझ्या वाटीवर दोन्हीकडे सारखा आला. ही फट प्रत्येकाची वेगळी असते, म्हणून दुसऱ्याला जमलेला उपाय आपल्याला जसाच्या तसा लागू पडेलच असं नाही.

फट बंद करायला सर्जिकल मास्कच्या वरच्या कडेतली तार पुरते. घरात पडून असलेल्या एखाद्या मास्कमधून ती काढा, बफच्या वरच्या कडेला आतून छोटी पट्टी लावून तिच्यात सरकवा आणि दोन्ही टोकं टाके घालून बंद करा. तार कापडाबाहेर डोकावता कामा नये, गार धातू त्वचेला लागायला नको. मग नाकावर दाबून बसवा आणि पुन्हा वाटी धरा. शिवणकाम नको असेल तर औषधांच्या दुकानात मिळते ती कागदी सर्जिकल टेप बफच्या कडेवर, नाकाच्या दांड्यावर आडवी लावता येते. थंडीत तिचा चिकटपणा कमी होतो, म्हणून ती तंबूतच, कोरड्या त्वचेवर लावून निघा.

पण वरून बंद केलेल्या श्वासाला खाली वाट द्यायलाच हवी, नाहीतर तो दुसरी फट शोधतो. मी बफच्या तोंडासमोरच्या भागात कात्रीने तीन-चार बारीक छिद्रं पाडते. जाड फ्लीसचा बफ असेल तर ही छिद्रं अगदी आवश्यक. चढावर नाकाने श्वास घ्या आणि खालचा ओठ किंचित पुढे काढून हनुवटीकडे सोडा. सवय व्हायला दोन-तीन दिवस लागतात, आणि त्या सवयीसाठी सिंहगड उत्तम. आतकरवाडीतून पहाटे चढायला लागलात तर पुणे दरवाजा येईपर्यंत धाप आणि घाम दोन्ही भरपूर होतात. गार हवेला जानेवारीतली पहाट पुरते, पाषाणकडे राहणाऱ्यांना तर घराबाहेर पडलं तरी पुरते. तिथे बफ, टोपी, गॉगल अशा सगळ्या सरंजामात चढून बघा. लोक वळून बघतील, बघू देत. उजाडल्यावर काच दोन्ही बाजूंनी स्वच्छ असेल तर तुमची मांडणी जमली.

मांडणीतल्या दोन चुका मी सारख्या बघते. पहिली, बफ गॉगलच्या कडेच्या फोमखाली खोचणं. ऊब वाटते म्हणून लोक खोचतात, पण त्यामुळे कापडातून येणारा सगळा श्वास गॉगलच्या आत शिरतो. फोम त्वचेवर बसला पाहिजे आणि बफची कड त्याच्या बाहेर, खालून भिडलेली. दुसरी चूक माकडटोपीची. मोठ्या स्की-गॉगलला वरच्या कडेला हवा बाहेर जायला जाळी असते. घरून दिलेली लोकरीची माकडटोपी भुवयांपर्यंत ओढली की ती जाळी बंद होते आणि घामाची वाफ आत कोंडते. माकडटोपी वाईट नाही, कानांना आणि गळ्याला तिच्यासारखं दुसरं काही नाही. फक्त ती आधी घाला, कपाळावरची कड बोटभर वर दुमडा, मग गॉगल लावा.

वाफ धरलीच तर गॉगल कपाळावर चढवू नका. कपाळ आणि टोपी दोन्ही घामाने ओली असतात, तिथे पाच मिनिटांत काच आणखी धुरकट होते आणि मग ती वाफ गोठते. त्याऐवजी गॉगल चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढून दहा-वीस सेकंद धरा, वारा आतून फिरू द्या. आतली बाजू हातमोज्याने कधीही पुसायची नाही. तिच्यावर वाफ न धरणारा थर असतो, तो ओला असताना लगेच खरवडला जातो. मऊ फडक्याने फक्त टिपा. आणि चढाला लागण्यापूर्वी जॅकेटची चेन उघडा, एक थर कमी करा. निघताना थोडी हुडहुडी भरलेली चालते, पंधरा मिनिटांत अंग तापतं. घामाने चिंब झालेल्या माणसाच्या काचा कुठल्याही उपायाने स्वच्छ राहत नाहीत.

चष्मा असणाऱ्यांचं काम अवघड आहे, कारण त्यांना एकाऐवजी दोन काचा सांभाळायच्या. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल मिळतात, पण घेण्याआधी आपला चष्मा घालूनच दुकानात बघा. काड्या फोमला उचलत असतील तर तिथूनच वाफ शिरेल. कॉन्टॅक्ट लेन्स सोयीच्या वाटतात, मात्र त्यांचं द्रावण रात्री गोठू द्यायचं नाही (स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा) आणि स्वच्छ हात नसतील तर लेन्स घालायचीच नाही. साध्या चष्म्याच्या काचेवर साबणाचं बोट फिरवून, सुकल्यावर हलकं पुसून घेतलं तर काही तास वाफ कमी धरते. स्की-गॉगलच्या आत मात्र हा प्रयोग नको.

ऊन खालून येतं

आता सनस्क्रीनकडे. सिंहगड, राजगड, तोरणा केलेल्या माणसाला ऊन वरून येतं अशी सवय असते. डोक्यावर टोपी घातली की निम्मं काम झालं. आपल्या सह्याद्रीचा काळा कातळ ऊन गिळतो. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो. म्हणून नाकपुड्यांच्या खालची कड, हनुवटीची खालची बाजू, भुवयांच्या खालचा भाग, म्हणजे सह्याद्रीत जे सावलीत असतं तेच तिथे भाजून निघतं. त्यात उंची. दर हजार मीटरला अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते. पुणे ५६० मीटरवर आहे, केदारकंठाचा माथा १२,५०० फूट, म्हणजे ३,८०० मीटरवर. नुसत्या उंचीमुळे सुमारे एक तृतीयांश वाढ झाली. डिसेंबरचं ऊन मे महिन्याइतकं कडक नसतं हे खरं, पण ते तिरपं येतं आणि टोपीच्या कडेखालून सरळ तोंडावर पडतं. गार वाऱ्यामुळे भाजल्याची जाणीव होत नाही. ढगाळ दिवशीही हे किरण येतात, तेव्हा आकाश बघून ठरवू नका.

ट्यूब सॅकमध्ये ठेवायची नाही. ती थर्मलच्या बाहेर आणि जॅकेटच्या आत, अंगाच्या उबेला, आतल्या खिशात. एसपीएफ ५०, घामाने न निघणारी. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के किरण अडवतं आणि ५० सुमारे ९८ टक्के, म्हणजे आकड्यामागे फार धावायचं कारण नाही. फरक पडतो तो किती लावता याने. तर्जनी आणि मधल्या बोटावर पूर्ण लांबीच्या दोन रेघा, एवढी चेहरा आणि गळ्याला मिळून लागते. आपण साधारण त्याच्या निम्मीसुद्धा घेत नाही. पहिला थर रात्री निघतानाच तंबूत लावा, अंधार असला तरी. पूर्वेला तांबडं दिसलं की थांबून दुसरा, मग दर दोन तासांनी. बफ घासून ती पुसून काढतो, म्हणून बफखाली झाकलेल्या भागालाही लावायची, तो कधी ना कधी खाली येतोच. नाकासाठी झिंक ऑक्साइडची कांडी वेगळी ठेवा, ती मोजे घातलेल्या हातानेही फिरवता येते. ओठांना एसपीएफ असलेलाच बाम. ज्यांना उन्हाने ओठावर पाण्याच्या फोडांची पुळी उठते त्यांनी जाण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्यावं, कारण बर्फावरच्या उन्हात ती पुन्हा उठू शकते.

तूप, खोबरेल, कोकम तेलाची वडी, कैलास जीवन, व्हॅसलीन यांपैकी काहीतरी प्रत्येक मराठी सॅकमध्ये प्रेमाने ठेवलेलं असतं. रात्री झोपताना लावायला माझी पसंती कोकम तेलाला, तळव्यावर घासून वितळवायचं आणि ओठ, गाल, नाकपुड्यांच्या कडांना लावायचं. दिवसा मात्र यांतलं काहीही सनस्क्रीनची जागा घेत नाही. आणि तेलकट मलम थंडी अडवतं हा समज तर धोक्याचा आहे. फिनलंडमध्ये सैनिकी प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणांच्या पाहणीत, चेहऱ्याला अशी मलमं लावणाऱ्यांमध्ये हिमदंश (थंडीने त्वचा गोठणं) उलट जास्त आढळला. मलम लावलं की त्वचा उबदार वाटते, माणूस निर्धास्त होतो आणि झाकायचं विसरतो. थंडी अडवतं ते कोरडं कापड.

कोरडं हा शब्द महत्त्वाचा. एक बफ पुरत नाही, तीन न्या. एक तोंडावर, एक जॅकेटच्या आत अंगावर सुकत, एक सॅकमध्ये. तोंडावरचा ओला झाला की आधी तो गोल फिरवा, मानेमागचा कोरडा भाग पुढे येतो. तोही ओला झाला की बदला. सुती रुमाल किंवा ओढणी नको, ती पाणी धरून ठेवते आणि गालावर गोठते. दाढी असलेल्यांनी सकाळी धुऊ नये, ओल्या दाढीत बर्फ धरतो आणि बफ तिला चिकटतो. दाढी करणाऱ्यांनी ट्रेकच्या दिवसांत ती करूच नये. साबणाने तोंड धुणंही टाळा. आपल्याला सकाळी तोंड धुतल्याशिवाय चैन पडत नाही, मला माहीत आहे, पण चार दिवस ओल्या फडक्याने नुसतं टिपा.

गुलमर्ग किंवा औलीला स्कीइंग शिकायला जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वारा नसला तरी तुमचा वेग हाच वारा असतो. उणे दहा तापमानात ताशी ३० किलोमीटरने घसरत गेलात तर उघड्या गालाला ते उणे वीससारखं लागतं. उताराच्या मध्यावर गॉगल काढणं तिथे चालतच नाही, म्हणून वाटीची चाचणी त्यांनी तर नक्की करावी.

गॉगलबद्दल शेवटचं. नुसती काळी काच नको, अतिनील किरण पूर्ण अडवणारी हवी, आणि बाजूंनी बंद. बर्फासाठी काचेच्या गडदपणाची श्रेणी ३ किंवा ४ बघा; श्रेणी ४ ची काच इतकी गडद असते की ती घालून गाडी चालवायची नाही. राखीव पर्याय म्हणून साधा काळा चष्मा सोबत ठेवाच, कारण गॉगल उतारावरून घरंगळत गेलेला मी पाहिला आहे. काहीच उरलं नाही तर बिस्किटाच्या पुड्याच्या पुठ्ठ्यात आडवी बारीक चीर पाडून तो डोळ्यांवर बांधा. उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक हाडाला आणि लाकडाला अशीच चीर पाडून पूर्वापार वापरत आले आहेत. डोळे उघडे ठेवून चाललात तर त्या वेळी काही जाणवत नाही. सहा-बारा तासांनी, तंबूत, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायला लागतं, पाणी थांबत नाही, टॉर्चचा उजेड सहन होत नाही. डोळे चोळू नका, लेन्स असतील तर काढा, गार ओलं फडकं ठेवून अंधारात पडून राहा आणि डॉक्टरांना दाखवा. एक ते तीन दिवसांत बहुतेकदा बरं होतं, पण त्या दिवसांत खाली कसं उतरणार याचा विचार करा.

गालावर, नाकाच्या शेंड्यावर किंवा कानावर मेणासारखा पांढुरका डाग दिसला आणि तिथे स्पर्श कळत नसेल तर ती हिमदंशाची सुरुवात आहे. आपला आपल्याला तो दिसत नाही. आमच्या गटात जोड्या लावलेल्या असतात आणि दर पंधरा-वीस मिनिटांनी एकमेकांच्या तोंडाकडे नीट बघायचं, हा नियम आहे. डाग दिसला की वाऱ्याकडे पाठ करा, मोजा काढून कोरडा उबदार तळवा त्यावर नुसता ठेवा. चोळायचं नाही. बर्फ चोळायचा तर मुळीच नाही, जुन्या लोकांनी सांगितलं तरी. शेकोटीपाशीही न्यायचं नाही, बधिर त्वचेला भाजलेलं कळत नाही. रंग आणि झिणझिण्या परत आल्या की झाकून पुढे जा. अर्ध्या तासात परत आल्या नाहीत, त्वचा कडक लागली किंवा फोड आले, तर समिट सोडा आणि खाली डॉक्टरकडे जा.

एवढं करूनही थोडं सोललंच, तर पुण्यात आल्यावर ती साल ओढू नका. बेसन-हळद-लिंबाचं उटणं घासायचा मोह होतो, तोही नको. साधं मॉइश्चरायझर आणि भर दुपारी बाहेर पडताना सनस्क्रीन, आठवडाभरात त्वचा येते.

भाचा मागच्या जानेवारीत तिसऱ्यांदा गेला. तार घातलेले तीन बफ, आतल्या खिशात ट्यूब, दोन महिने दर रविवारी सिंहगडावर घोटवून घेतलेला श्वास. या वेळी ट्यूब रिकामी परत आली, नाक, ओठ, गाल जसेच्या तसे. फक्त दोन्ही कानांच्या पाळ्यांची मागची बाजू लाल होऊन सोलली होती. उतरताना उकडलं म्हणून त्याने माकडटोपी काढली आणि पाठीवरचं ऊन थेट तिथे पडलं. कानामागे लावायला मीही त्याला कधी सांगितलं नव्हतं. यंदाच्या आमच्या यादीत ते सगळ्यात वर लिहिलं आहे.